जहाजावरची चॉकलेट मेजवानी सोलापूरच्या कार्यालयात: तयारीपासून आवराआवरीपर्यंत

साखरपुडा असो, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असो की एखाद्या कारखान्याचे स्नेहसंमेलन असो, जेवणानंतर ‘क्रूझवर असते तसे चॉकलेटचे टेबल’ हवे, अशी मागणी होटगी रस्त्यावरच्या लॉनपासून जुळे सोलापुरातल्या घरगुती समारंभांपर्यंत आता ऐकू येते. मागणी करणाऱ्याच्या मोबाइलमध्ये बहुधा एखादे छायाचित्र असते. त्यात चॉकलेटचा हंस, तीन मजली कारंजे आणि काचेसारखे चकाकणारे केक दिसतात, पण ज्या हवेत ते सगळे उभे असते ती हवा छायाचित्रात दिसत नाही. जहाजावरचे भोजनगृह पूर्ण बंदिस्त असते आणि तिथले तापमान २२ अंशांच्या आसपास राखलेले असते. चॉकलेटला आकार देणारे कोको बटर ३३-३४ अंशांना वितळते, आणि सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो. त्यामुळे जहाजावरची वेळेची, वाढण्याची आणि स्वच्छतेची शिस्त आपण जशीच्या तशी उचलावी, पदार्थांची यादी मात्र सोलापूरच्या हवेला विचारून करावी, असे माझे मत आहे. पुढचा सगळा लेख याच धोरणावर आधारलेला आहे. तो केटरिंगच्या व्यवसायात नव्याने उतरलेल्यांना आणि घरच्या कार्यासाठी स्वतः देखरेख करू इच्छिणाऱ्यांना उपयोगी पडावा, अशा बेताने लिहिला आहे.

जहाजावर नेमके काय चालते

मध्यरात्रीचा बुफे ही प्रवासी जहाजांची जुनी परंपरा आहे. रात्रीचे जेवण आणि नाच-गाण्याचे कार्यक्रम आटोपले की उशिरा पुन्हा एक भव्य मांडणी उघडायची, तिच्यात बर्फाची शिल्पे आणि कोरलेली कलिंगडे ठेवायची, आणि एखाद्या रात्री सगळी मांडणी केवळ चॉकलेटची करायची, असा तो प्रघात होता. नॉर्वेजियन क्रूझ लाइनचा ‘चॉकोहॉलिक बुफे’ त्यासाठी विशेष ओळखला जाई. पुढे अन्नाची नासाडी आणि खर्च यांचा विचार होऊन अनेक कंपन्यांनी हे मोठे बुफे कमी केले आणि त्यांच्या जागी लहान, नेमके उपक्रम आले. प्रिन्सेस क्रूझेसने २०१४ मध्ये अमेरिकी चॉकलेट कारागीर नॉर्मन लव्ह यांच्याबरोबर चॉकलेटच्या पदार्थांची स्वतंत्र मालिका सुरू केली, तर एमएससी या क्रूझ कंपनीच्या काही जहाजांवर फ्रेंच पेस्ट्री शेफ जाँ-फिलिप मोरी यांच्या नावाचे चॉकलेट कॅफे आहेत, जिथे कारागीर काचेपलीकडे काम करताना दिसतात. भव्यतेकडून नेमकेपणाकडे झालेला हा प्रवास आपल्याकडच्या यजमानांनीही ध्यानात घ्यावा.

या मांडणीमागची काही तत्त्वे थेट आपल्या उपयोगाची आहेत. पहिले असे की पारंपरिक भव्य बुफेत खाण्याआधी पाहण्याची वेळ वेगळी असते. दारे उघडल्यावर काही काळ प्रवाशांनी केवळ फिरून छायाचित्रे घ्यायची, ताटल्या नंतर मिळतात. दुसरे असे की मध्यभागी असलेली मोठी चॉकलेट शिल्पे बहुधा खाण्यासाठी नसतातच. चॉकलेटमध्ये ग्लुकोज सिरप मळून जो लवचिक गोळा तयार होतो त्यातून ती घडवतात, आतून आधार देतात आणि शक्य असेल तर पुन्हा वापरतात. तिसरे असे की प्रत्यक्ष खाण्याचे तुकडे दोन घासांत संपतील इतके लहान असतात, त्यामुळे पाहुण्याला पाच प्रकार चाखता येतात आणि ताटलीत उरत काही नाही.

स्वच्छतेचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. अमेरिकी बंदरांना भेट देणाऱ्या प्रवासी जहाजांची तिथल्या रोग नियंत्रण केंद्राच्या जहाज स्वच्छता कार्यक्रमातर्फे पूर्वसूचना न देता तपासणी होते, १०० पैकी गुण दिले जातात आणि ८५ किंवा त्याहून कमी गुण पडले तर जहाज अनुत्तीर्ण ठरते. नोरोव्हायरसमुळे उलट्या-जुलाबांची साथ आली की जहाजावर पाहुण्यांनी स्वतः वाढून घेणे बंद होते आणि कर्मचारी वाढू लागतात, कारण शंभर हात लागलेला एकच चिमटा साथ पसरवायला पुरेसा असतो. आपल्या पंगतीत वाढपी हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. बुफे आल्यावर आपण ते सोडले, चॉकलेटच्या टेबलावर ते पुन्हा आणायला हरकत नाही.

ज्यांना हे प्रत्यक्ष पाहून यायचे असेल त्यांना परदेशी जाण्याची गरज नाही. कॉर्डेलिया क्रूझेसचे ‘एम्प्रेस’ हे जहाज २०२१ पासून मुंबईहून सफरी करू लागले. सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरले की बॅलार्ड पियरचे क्रूझ टर्मिनल जवळच आहे. मात्र चॉकलेटची खास रात्र प्रत्येक सफरीत असतेच असे नाही, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी त्या विशिष्ट सफरीचा कार्यक्रम विचारून घ्यावा, आणि जहाजावर गेल्यावर पदार्थांपेक्षा वाढणाऱ्यांच्या हालचालींकडे अधिक लक्ष द्यावे.

महिना, वेळ आणि जागा

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सोलापुरात या कामासाठी उत्तम आहे. तुळशीच्या लग्नानंतर कार्ये सुरू होतात आणि डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री इतक्या थंड असतात की उघड्या लॉनवरही चकाकणारे चॉकलेट टिकते. फक्त संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेमुळे होम मैदान आणि सिद्धेश्वर मंदिराच्या परिसरातली वाहतूक वळवलेली असते, त्यामुळे त्या दिवसांत माल पोहोचवण्याची वेळ दुपारीच ठरवावी. एप्रिल-मे महिन्यांतले कार्य असेल तर उघड्यावर टेबल मांडण्याचा आग्रह सरळ नाकारावा आणि कार्यालयातली एखादी वातानुकूलित खोली मागून घ्यावी. वराच्या खोलीइतकी जागाही चालते, कारण पाहुणे टप्प्याटप्प्याने आत सोडायचे असतात. जून ते सप्टेंबरमध्ये उष्णता कमी असली तरी दमटपणा असतो, आणि साखरेला दमटपणा उष्णतेइतकाच मानवत नाही.

जागा पाहायला दुपारी जाऊ नये. कार्यक्रम ज्या वेळी होणार त्याच वेळी, सगळे दिवे लावून, जिथे टेबल येणार तिथे टेबलाच्या उंचीवर साधा तापमापक अर्धा तास ठेवावा. सजावटवाल्यांचे जुने हॅलोजन दिवे टेबलावर रोखलेले असतात तेव्हा खोलीचे तापमान २४ दिसत असले तरी चॉकलेटच्या पृष्ठभागाला ते पुष्कळ अधिक जाणवते. म्हणून एलईडी दिवेच वापरायचे, हे सजावटवाल्याला आधी लेखी कळवावे. खोलीत माणसे भरली की तापमान दोन-तीन अंशांनी चढते हेही जमेस धरावे. वीज गेल्यावर जनित्र चालू होते, पण ते केवळ दिव्यांपुरते आहे की वातानुकूलन यंत्राचा भारही घेते, हे कार्यालयाच्या व्यवस्थापकाला विचारण्याऐवजी स्वतः मुख्य स्विच बंद करून पाहिलेले बरे.

पाहुण्यांची यादी आणि पथ्ये

सोलापुरात लिंगायत, जैन, मारवाडी आणि इतर अनेक घरांत अंडे चालत नाही, आणि ज्या घरांत चालते तिथेही कार्याच्या दिवशी बहुधा नको असते. म्हणून संपूर्ण टेबल बिनअंड्याचे ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. एका कोपऱ्यात अंड्याचे चार केक ठेवून पाट्या लावल्या तरी चिमटे इकडचे तिकडे होतातच. अंड्याइतकेच लक्ष जिलेटिनकडे द्यावे. ते प्राण्यांपासून बनते आणि तयार मूस (फेटलेल्या क्रीमचा हलका थंड गोड पदार्थ) पावडर, मार्शमेलो व काही चकचकीत ग्लेझमध्ये असते. त्याऐवजी चायना ग्रास म्हणजेच अगर-अगर किंवा पेक्टिन वापरता येते. पाकिटावरचा हिरवा ठिपका प्रत्येक घटकासाठी तपासावा, रंगीत साखरगोळ्यांसाठीसुद्धा. परदेशी पद्धतीच्या कृतींमध्ये रम किंवा लिक्युअर असते, ते वगळावे, आणि रमचा इसेन्स घातला तरी पाटीवर तसे लिहावे.

शेंगदाण्याबाबत वेगळी सूचना आवश्यक आहे, कारण आपल्या स्वयंपाकघरात शेंगदाण्याचे कूट नाही अशी जागा सापडणे कठीण आहे. शेंगदाणे किंवा सुकामेवा ज्यांना बाधतो त्यांच्यासाठी त्यांचा स्पर्शही न झालेले दोन पदार्थ वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या दिवशी करून बंद डब्यांत ठेवावेत. तसे करणे शक्य नसेल तर ‘सर्व पदार्थांना शेंगदाण्याचा स्पर्श असू शकतो’ अशी ठळक पाटी लावावी. संकष्टी किंवा एकादशी त्या दिवशी आहे का, हे पंचांगात पाहून घ्यावे. उपवास असलेले पाहुणे जास्त असतील तर मैद्याच्या पदार्थांचे प्रमाण घटवावे लागते.

पदार्थ निवडताना

माझी पद्धत अशी आहे की टेबलाचे तीन भाग पाडायचे: गरम किंवा मुद्दाम पातळ ठेवलेले पदार्थ, सामान्य हवेत टिकणारे कोरडे पदार्थ, आणि थंड ठेवावे लागणारे पदार्थ. हिवाळ्यात तिन्ही सारखे असले तरी चालतात. उन्हाळ्यात मात्र निम्मे टेबल पहिल्या प्रकाराचे, उरलेल्यातले बरेचसे दुसऱ्या प्रकाराचे आणि थंड पदार्थ नावापुरते ठेवावेत, कारण जे आधीच वितळलेले आहे त्याला हवा काही करू शकत नाही.

गरम भागात दोन पदार्थ पुरेसे होतात. हॉट चॉकलेटसाठी एक लिटर म्हशीच्या दुधाला १२० ग्रॅम डार्क चॉकलेट, २० ग्रॅम कोको पावडर, ५० ग्रॅम साखर आणि थोड्या थंड दुधात कालवलेला एक चहाचा चमचा कॉर्नफ्लोअर, असे प्रमाण घ्यावे. यात ८० मिलिलिटरचे साधारण १४ कप होतात आणि त्याहून मोठा कप जेवणानंतर कोणी संपवत नाही. दुसरा पदार्थ म्हणजे गरम पुडिंग केक, जो भाजताना स्वतःचाच रस्सा खाली तयार करतो आणि ज्याला अंडे लागतच नाही. १५० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम साखर, ३० ग्रॅम कोको आणि दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर एकत्र चाळून त्यात १८० मिलिलिटर दूध व ६० ग्रॅम वितळलेले लोणी घालावे. हे मिश्रण खोलगट ट्रेमध्ये पसरून त्यावर १०० ग्रॅम साखर व २५ ग्रॅम कोको भुरभुरावे, वरून ३०० मिलिलिटर कढत पाणी हलकेच ओतावे आणि न ढवळता १७५ अंशांवर ३० ते ३५ मिनिटे भाजावे. पाणी ओतताना कृती बिघडली असे वाटते, परंतु केक वर येतो आणि दाट चॉकलेट रस्सा तळाशी राहतो. चेफिंग डिशमध्ये (पदार्थ गरम ठेवणाऱ्या बुफेच्या भांड्यात) हा ट्रे ६० अंशांच्या वर ठेवून लहान वाट्यांत वाढला तर साधारण १८ वाट्या होतात.

कोरड्या भागात सोलापूरचे स्वतःचे काही असावे, असा माझा आग्रह असतो. शेंगापोळी कोरडी असते, दोन-तीन दिवस सहज टिकते आणि तिच्यातला गूळ डार्क चॉकलेटच्या कडवटपणाला उत्तम जुळतो. पोळी नेहमीपेक्षा लहान आणि थोडी खुसखुशीत भाजून, पूर्ण गार झाल्यावर तिचे तुकडे करून प्रत्येक तुकडा अर्धा चॉकलेटमध्ये बुडवावा. पंढरपूर भागातले चांगले बेदाणे आणि भाजलेले शेंगदाणे चॉकलेटमध्ये घोळून केलेले गोळे मुलांना आवडतात. ब्राऊनी, कुकीज, चॉकलेट बर्फी हे नेहमीचे पदार्थ आहेत, त्यांची कृती वेगळी सांगायला नको. शेंगदाण्याची पेस्ट चॉकलेटमध्ये मिसळून सारण करायचे असेल तर एक गोष्ट ध्यानात असावी की शेंगदाण्याचे तेल कोको बटरला मऊ करते आणि असे मिश्रण साध्या चॉकलेटपेक्षा लवकर ढिले पडते, म्हणून ते कागदी किंवा बिस्किटाच्या वाटीत भरावे, उघड्या तुकड्यांच्या रूपात ठेवू नये.

थंड भागासाठी मूस हा एकच पदार्थ घ्यावा. ३०० ग्रॅम डार्क चॉकलेटवर २०० मिलिलिटर गरम क्रीम ओतून गुळगुळीत करावे, ते कोमट झाल्यावर ४०० मिलिलिटर व्हिपिंग क्रीम मऊ शिखरे येईपर्यंत फेटून तीन वेळा थोडे थोडे मिसळावे आणि लगेच लहान ग्लासांत भरावे. वर डाळिंबाचे दाणे शोभतात. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा ते टेबलावर मिरवायलाही हरकत नाही. दाणे मात्र कोरड्या कापडावर टिपून, वाढण्यापूर्वी अगदी शेवटी घालावेत. वनस्पती तेलापासून बनवलेले व्हिपिंग क्रीम उष्णतेत अधिक टिकते, पण जिभेवर चिकट थर ठेवते. हिवाळ्यात दुधाचेच वापरावे, उन्हाळ्यात दोन्ही निम्मी-निम्मी घेण्याची तडजोड करावी.

किती करावे, याचे उत्तर जेवणावर अवलंबून आहे. पूर्ण जेवणानंतर माणशी २५ ग्रॅमचे तीन तुकडे पुरतात, म्हणजे २०० पाहुण्यांसाठी सुमारे १५ किलो. चहापानाच्या कार्यक्रमात तेच प्रमाण दुपटीच्या जवळ जाते. यजमान नेहमी अधिक सांगतात. त्यांना कोरड्या पदार्थांत वाढ करून द्यावी, मूसमध्ये नव्हे, कारण उरलेली कुकी दुसऱ्या दिवशी पाहुण्यांबरोबर गावी जाते आणि उरलेला मूस टाकावा लागतो.

चॉकलेट: कोणते घ्यावे आणि कसे हाताळावे

बाजारात दोन जाती आहेत. कुव्हर्चरमध्ये कोको बटर भरपूर असते, चव आणि चकाकी उत्तम येते, पण टेम्परिंग (ठरावीक तापमानांतून नेऊन गोठवण्याची प्रक्रिया) करावे लागते. कंपाऊंडमध्ये कोको बटरऐवजी इतर वनस्पती चरबी असते, टेम्परिंगची गरज नसते आणि ते उष्णतेत जरा अधिक टिकते. चव मात्र कुव्हर्चरपुढे फिकी पडते. मूस, गनाश (चॉकलेट आणि क्रीमचे मिश्रण), हॉट चॉकलेट अशा जिथे चॉकलेट वितळूनच राहणार आहे तिथे कुव्हर्चर किंवा चांगले डार्क चॉकलेट वापरावे. बाहेरून बुडवायच्या पदार्थांना उन्हाळ्यात डार्क कंपाऊंड वापरण्यात कमीपणा मानू नये. पुण्या-मुंबईहून माल मागवताना तो रात्रीच्या गाडीने, थर्माकोलच्या पेटीत आणावा. बर्फाच्या पिशव्या चॉकलेटला थेट न लावता मध्ये टॉवेलचा थर द्यावा, आणि जाडजूड सोलापुरी टॉवेल या कामाला फार चांगला. पेटी आल्याबरोबर उघडू नये, ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर थंड चॉकलेटवर हवेतले दव जमते, साखर विरघळते आणि वाळल्यावर पांढुरके खरबरीत डाग उरतात.

टेम्परिंग म्हणजे कोको बटरचे स्फटिक योग्य रूपात जमवणे. कोको बटर सहा प्रकारे गोठू शकते, त्यातला पाचवा प्रकार चकाकी देतो, तुकडा मोडताना टणक आवाज देतो आणि हाताला लगेच चिकटत नाही. घरगुती पद्धतीत दोन तृतीयांश चॉकलेट डबल बॉयलरवर, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात, वरच्या भांड्याच्या तळाला पाणी न लागता, वितळवावे. डार्कसाठी ४५ ते ४८ अंश, दुधाच्या व पांढऱ्या चॉकलेटसाठी ४० ते ४५ अंश एवढे तापमान पुरते. मग भांडे खाली उतरवून, तळ पुसून, उरलेले एक तृतीयांश बारीक चिरलेले चॉकलेट थोडे थोडे घालत सतत हलवत राहावे. डार्क ३१-३२, दुधाचे २९-३० आणि पांढरे २८-२९ अंशांवर आले की काम सुरू करावे. सुरीचे टोक बुडवून बाजूला ठेवले असता चार-पाच मिनिटांत ते चमकदार गोठले तर चॉकलेट तयार आहे. रेघा पडल्या किंवा ओलसर राहिले तर आणखी थोडे चिरलेले चॉकलेट घालून हलवावे. हे काम २०-२२ अंशांच्या खोलीतच होते. मे महिन्यात उघड्या स्वयंपाकघरात टेम्परिंगचा प्रयत्न करणे म्हणजे वेळ आणि माल दोन्ही घालवणे आहे. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब पडले तरी ते घट्ट, रवाळ होऊन बसते, त्यामुळे चमचे, साचे आणि हात पूर्ण कोरडे असावेत, आणि भांड्यावर झाकण ठेवू नये, कारण वाफेचे थेंब झाकणावरूनच पडतात. तसे घडलेच तर ते फेकू नये, गरम दूध किंवा क्रीम घालून त्याचे सॉस करता येते.

गनाशचे प्रमाण वजनाने घ्यावे. ओतायच्या सॉससाठी डार्क चॉकलेट आणि क्रीम सम प्रमाणात, ट्रफल म्हणजे गनाशच्या गोळ्यांसाठी चॉकलेट क्रीमच्या दुप्पट, तेच दुधाचे चॉकलेट असेल तर अडीचपट आणि पांढरे असेल तर तिप्पट. पाकिटात मिळणाऱ्या २५ टक्के स्निग्धांशाच्या क्रीमने गनाश चांगले होते, मात्र ते फेटून फुगत नाही, म्हणून मूसला ते घेऊ नये.

कारंज्याविषयी स्पष्ट मत

कारंजे हा पाहुण्यांचा लाडका आणि केटररचा नावडता प्रकार आहे. उघड्या लॉनवर ते लावूच नये. वाऱ्याने चॉकलेटचा पडदा फाटतो, शिंतोडे भरजरी साड्यांवर उडतात, धूळ आणि दिव्याभोवतीचे किडे त्यात पडतात. बंद खोलीत लावायचे असेल तर टेबल पाणसळीने समतल करून घ्यावे, कारण जरा कल असला तरी पडदा एका बाजूने तुटतो. साधे चॉकलेट कारंज्यासाठी दाट पडते. एक किलोला सुमारे १०० मिलिलिटर वासरहित तेल घालून चमच्यावरून अखंड धार पडेल इतके पातळ करावे, आणि भांड्याचे तापमान ४० ते ४५ अंशांच्या दरम्यान राखावे. फळे धुऊन, कापून, पूर्ण टिपून घ्यावीत, कारण स्ट्रॉबेरीच्या अंगच्या पाण्यानेही तासाभरात धार दाट होत जाते. काड्या पाहुण्यांच्या हातात न देता एका वाढप्याने फळ बुडवून ताटलीत द्यावे, म्हणजे उष्टी काडी दुसऱ्यांदा बुडण्याचा प्रश्नच उरत नाही. त्याहून सोपा पर्याय असा की लहान विजेच्या भांड्यात गरम सॉस ठेवून तो पळीने फळांवर ओतावा. देखावा कमी होतो, पण चव आणि स्वच्छता दोन्ही सांभाळल्या जातात.

वेळापत्रक

कार्य शनिवारी रात्री असेल तर गुरुवारी शेंगापोळ्या, कुकीज आणि बर्फी करून घ्यावी. शुक्रवारी सकाळी ब्राऊनी भाजावी आणि दुपारनंतर, खोली गार करून, बुडवण्याचे व साच्यांचे काम करावे. तयार चॉकलेट फ्रीजमध्ये ठेवण्यापेक्षा वातानुकूलित खोलीत, हवाबंद डब्यांत, बटर पेपरचे थर देऊन ठेवावे. फ्रीजखेरीज इलाज नसेल तर बाहेर काढल्यावर डबा अर्धा-पाऊण तास बंदच राहू द्यावा. मूस शनिवारी सकाळी करावा आणि ग्लास झाकून ५ अंशांखाली ठेवावेत. पुडिंग केकचे कोरडे मिश्रण तोलून पिशव्यांत भरून न्यावे आणि ते कार्यालयातच, वाढण्याच्या तासभर आधी भाजावे. नेण्याचे काम संध्याकाळी पाचनंतर करावे. बंद टेम्पोत दुपारी तापमान बाहेरच्यापेक्षाही चढते.

मांडणी आणि वाढणे

टेबल भिंतीला न लावता खोलीच्या मध्ये, दोन्ही बाजूंनी जाता येईल असे मांडावे, आणि प्रवेशाजवळ हॉट चॉकलेट कधीही ठेवू नये, कारण कप घेऊन उभे राहणारेच वाट अडवतात. उंची देण्यासाठी उलटे पातेले किंवा लाकडी पेट्या कापडाखाली ठेवता येतात, मात्र जहाजावर जसे घसरू नये म्हणून ट्रेखाली रबरी जाळी असते तशी इथेही घालावी, म्हणजे मुलांच्या धक्क्याने मनोरे कोसळत नाहीत. मध्यभागी मोठे शिल्प हवेच असेल तर ते ग्लुकोज मळलेल्या चॉकलेटचे, दोन फुटांपेक्षा कमी उंचीचे करावे आणि त्याच्याजवळ ‘केवळ पाहण्यासाठी’ अशी पाटी ठेवावी.

जेवणाच्या शेवटच्या भागात दारे उघडून १५ मिनिटे छायाचित्रांसाठी द्यावीत. या वेळी टेबलावर कोरडे पदार्थ आणि नमुन्याचे दोन-चार ग्लास एवढेच असावे, उरलेले फ्रीजमध्ये. त्यानंतर ज्येष्ठ मंडळी आणि लहान मुले यांना आधी, मग उरलेल्यांना २५-३० जणांच्या गटांनी आत सोडावे. मूसचे ग्लास २० मिनिटांत संपतील एवढेच बाहेर आणावेत. दुधाचे पदार्थ सामान्य तापमानाला दोन तासांहून अधिक आणि ३२ अंशांवरच्या हवेत एक तासाहून अधिक ठेवू नयेत, हा नियम यजमानांनी कितीही आग्रह केला तरी मोडायचा नाही. प्रत्येक ट्रेच्या मागच्या बाजूला तो बाहेर आणल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवली की वाद होत नाही. दारापाशी हात धुण्याची सोय साबणासह असावी, कारण सॅनिटायझर नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर फारसा चालत नाही. दर २५ पाहुण्यांमागे एक वाढपी धरावा आणि त्याला पदार्थात काय आहे हे पाठ असावे. मधुमेही पाहुण्यांसाठी ७० टक्क्यांहून अधिक कोकोच्या चॉकलेटचे नखाएवढे तुकडे आणि मीठ लावलेले भाजके शेंगदाणे एका ताटलीत ठेवावेत. ‘शुगर-फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चॉकलेटांतल्या माल्टिटॉलसारख्या गोड पदार्थांनी जास्त खाल्ल्यास पोट बिघडते, त्यामुळे तीही मोजूनच ठेवावीत.

आवराआवर

व्यवसाय म्हणून हे काम करणाऱ्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना असला पाहिजे. उरलेल्या पदार्थांचे काय करायचे हेही यजमानांशी आधीच ठरलेले असावे. कोरडे पदार्थ डब्यांत भरून तारीख लिहून द्यावेत. मूस, क्रीम लावलेले तुकडे आणि ताटलीत फिरून आलेले काहीही कोणाला देऊ नये, गरजूंना तर मुळीच नाही. शिल्प अखंड असेल तर कागदात गुंडाळून पुढच्या कार्याला वापरता येते. कारंज्यातले चॉकलेट गाळूनही पुन्हा वापरू नये, आणि ते गरम असताना मोरीत तर कधीच ओतू नये, कारण पुढच्या वळणावर गार होऊन ते नळीत दगडासारखे बसते आणि सकाळी कार्यालयाचा व्यवस्थापक फोन करतो. ते बटर पेपर लावलेल्या ट्रेमध्ये काढून गोठू द्यावे, वडीसारखे उचलून कचऱ्यात टाकावे, कारंज्याचे भाग आधी कागदाने पुसून घ्यावेत आणि मगच गरम पाणी व साबणाने धुऊन पूर्ण वाळवावेत, कारण आतल्या स्क्रूत राहिलेला ओलावा पुढच्या वेळी पहिल्याच किलोला घट्ट करतो.